काळ्या पडद्यावरची पौर्णिमा

“येमुल, तुमचा हा पडदा उजेड सांडतोय,” खासनीसकाका म्हणाले.

भर दुपारची वेळ होती आणि ते घरातल्या घरात काळा गॉगल लावून बसले होते. खोलीच्या दोन्ही खिडक्यांना त्यांनी जाडजूड सोलापुरी चादरी खिळे मारून ठोकल्या होत्या. त्या काळोखात एकटा कॉम्प्युटर काय तो उजळत होता आणि काका आरोपीकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. मी हातातल्या बशीत पोहे कुठले आणि मिरची कुठली हे चमच्यानं चाचपत “बघतो काका” एवढंच म्हणालो.

पडदा माझा नव्हता, कॉम्प्युटरही माझा नव्हता. त्या घरातलं एकच माणूस माझं होऊ घातलं होतं, ते म्हणजे काकांची मुलगी मृणाल, आणि तेही सगळं अजून व्हायचंच होतं. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती गणित शिकवायची आणि मी तिथल्या कॉम्प्युटर लॅबचा कारभार बघायचो. आमचं घर पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं, टॉवेल विणणारं. तिचं घर देशस्थ ब्राह्मणांचं. मला वाटलं होतं की गाडी अडली तर इथंच अडणार. पण काकांनी जातीचं नावसुद्धा काढलं नाही. मुलगा लॅबमध्ये लिनक्सची मशीनं सांभाळतो एवढं ऐकलं आणि म्हणाले, मग आधी माझं मशीन दुरुस्त करून दाखवू दे, पुढचं पुढे.

काका वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची स्कूटर मंडईच्या तोंडाशी वाजली की भाजीवाल्यांची खोटी वजनं गोणपाटाखाली आणि खरी वजनं तराजूत जायची, असं लोक अजून सांगतात. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, त्यामुळे त्यांना चहाची सवयच लागली नाही. कॉम्प्युटर घेताना दुकानदारानं त्यांना सांगितलं, काका, आतलं सॉफ्टवेअर कॉपी करून टाकतो, सगळेच टाकतात. काकांनी त्याला चोरीचा माल या विषयावर एवढं सुनावलं की तो बिचारा घाबरून लिनक्स टाकून गेला. फुकट आणि प्रामाणिक. फक्त आख्ख्या कॉलनीत ते कुणाला चालवता येत नव्हतं.

मृणालनं मला सुरुवातीलाच स्वच्छ सांगून ठेवलं होतं. आई गेल्यापासून तिनं येतील ती स्थळं परत पाठवली होती. बाबांना माझी गरज पडणार असेल तर मी लग्न करणार नाही, तू वाट बघू नकोस, असं ती म्हणाली होती. मला कुणाची गरज नाही, मी ठणठणीत आहे, असं बाबा रोज सांगत होते म्हणून ती तयार झाली होती. आणि बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. म्हणजे माझं लग्न दोन गोष्टींवर टांगलेलं होतं, एक बाबांचा ठणठणीतपणा आणि दुसरा त्यांचा ब्राउझर. पहिल्याची मला काळजी नव्हती.

काकांना हवा होता डार्क मोड. म्हणजे पांढऱ्या पानावर काळी अक्षरं असतात ती उलटी करून काळ्या पानावर पांढरी अक्षरं. उजेडाचा त्रास होतो म्हणाले. मला वाटलं, एका बटणाचं काम. बटण दाबलं आणि सगळी खोली अंधारात बुडाली. फायली काळ्या, खिडक्या काळ्या, घड्याळ काळं. मी विजयी मुद्रेनं ब्राउझर उघडला आणि तो पूर्वीइतकाच पांढराशुभ्र. काकांनी गॉगल सावरला आणि म्हणाले, “नापास.”

दुसऱ्या दिवशी शोधून काढलं की दुकानदारानं ब्राउझर एका बंद डब्यात बसवला होता. लिनक्समध्ये तशी सोय असते, सुरक्षित म्हणून. आता बाहेर अंधार पडलाय हे डब्यातल्या माणसाला कळणार कसं? मी डबा फोडला, ब्राउझर नव्यानं बसवला. पानाच्या भोवतीची चौकट काळी झाली. अक्षरं लिहायचे चौकोन मात्र पांढरेच राहिले आणि त्यात उमटणारी अक्षरंही पांढरी झाली. काकांनी वीज कंपनीला त्यात एक कडक तक्रार लिहिली. काय लिहिलंय ते त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत नव्हतं, पण दोन दिवसांत माणूस येऊन मीटर बदलून गेला. काका म्हणाले, उपयोग झाला हे खरं, पण पद्धत चुकीची आहे. नापास.

मग मी ब्राउझरला सगळ्याच पानांना काळं फासणारं एक जोडकाम बसवलं, एक्स्टेंशन म्हणतात ते. त्यानं उत्साहाच्या भरात फोटोही उलटे केले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा काका वर्तमानपत्राच्या श्रद्धांजलीच्या पानावर होते. सोलापुरातले एकजात सगळे दिवंगत काळ्याभोर केसांचे झाले होते. पांढरे डोळे, काळे दात, पण केस असे की हयातीत त्यांनी कलप लावूनही जमलं नसतं. “हे कोण, मोठ्यानं वाचा,” काका म्हणाले. मी नाव वाचलं. “हा तर माझ्याबरोबर नोकरीला लागला होता,” असं म्हणून त्यांनी मान तिरकी करून फोटो न्याहाळला. मग म्हणाले, मेल्यावर सुधारला बघा.

मी फोटो सरळ केले, तर आधीच काळी असलेली पानं त्या जोडकामानं परत उलटी करून पांढरी केली. अंधारावर अंधार टाकला की उजेड पडतो हे मला त्या आठवड्यात शिकायला मिळालं. एक पान दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. बँकेचं पान काळं व्हायचं तर त्यातला आकडा नाहीसा व्हायचा. रात्री झोपेत मी थीम बदलायचो. लॅबमधली पोरं मला बघून आपापसात हसायची, आणि मृणाल स्टाफरूममध्ये भेटली की प्रेमाचं काही बोलायच्या ऐवजी विचारायची, आज काय काळं झालं?

काकांची तपासणी बघण्यासारखी असायची. नाक पडद्याला टेकेल इतके पुढं वाकायचे, मान तिरकी करायचे आणि बाजूनं बघायचे, काटा शून्यावर आहे की नाही ते पाहावं तसं. मग मला म्हणायचे, “इथं काय लिहिलंय, वाचा.” मी शाळेतल्या पोरासारखा वाचायचो. “बरोबर,” ते म्हणायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. सासरे व्हायच्या आधीच हे एवढे कडक, तर नंतर काय करतील या विचारानं मला घाम फुटायचा.

शेवटी एक दिवस सगळं जमलं. मी पडदा चालू केला, पानं एकामागून एक काळीकुट्ट उघडली, अक्षरं पांढरी, फोटो सरळ. काकांनी बराच वेळ वाकून बघितलं, गॉगल काढला आणि म्हणाले, “आता दिसतंय. पास.” मी त्यांच्या पाया पडलो. लग्नासाठी पडलो की डार्क मोडसाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. खासनीसांच्या घरात एक रीत होती. साखरपुड्याच्या अंगठ्या पौर्णिमेला, गच्चीत, चंद्राला साक्षी ठेवून घालायच्या. काकांच्या आज्यापासून तसंच चालत आलेलं. ते सगळं फोनवर सांगत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कॉम्प्युटरवर कॅलेंडर बघून त्यांनी नोव्हेंबरच्या शेवटाकडची एक तारीख सांगितली, संध्याकाळी सहाला या म्हणाले, आणि फोन ठेवला. नाना हो म्हणाले. मुलीच्या बापानं स्वतःहून तारीख दिल्यावर नाही कोण म्हणणार?

ठरल्या दिवशी आम्ही तिघं पोचलो. गच्चीत सतरंज्या अंथरल्या होत्या, काकांच्या बहिणीनं, शैलाआत्यांनी, पेढ्यांची आणि फुलांची ताटं मांडली होती, खासनीसांकडचे चारदोन नातेवाईक ठेवणीतले कपडे घालून बसले होते. नानांनी टोपी सारखी केली, अम्मानं नवी इरकल सावरली. मृणाल मोतिया रंगाची साडी नेसून आली आणि मला पुढचा बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. हळूहळू दिवेलागण झाली, आकाश निवळशंख होतं, एकेक चांदणी दिसायला लागली. काका उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चंद्र उगवला की अंगठ्या घालू.”

दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अम्मानं माझी बाही ओढली आणि कानाशी लागून विचारलं, “आज अवस आहे की रे. चंद्र कुठून आणणार हे?”

मी म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणे, होतं की. भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिल्याच दिवशी बघितलं होतं. पण नाना म्हणाले, मोठी शिकलेली माणसं आहेत, त्यांच्यात काही शास्त्र असेल, आपण तोंड घातलं आणि सोयरीक मोडली तर? पोराला पण सांगू नको, तो जाऊन वाद घालेल.

तेवढ्यात पलीकडून मृणाल उठून जिन्यापाशी गेली आणि तिनं मला डोळ्यांनी बोलावलं. शैलाआत्यांनी तिला नुकतंच विचारलं होतं की तेलुगू लोकांत अमावास्या शुभ धरतात का गं? आत्यांनाही तारीख कळली त्या दिवसापासून ठाऊक होतं. मुलाकडच्यांनीच अवस मागितली असणार आणि दादानं मोठ्या मनानं रीत सोडली असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. दोन्ही घरं एकमेकांचा मान राखत राखत अमावास्येच्या संध्याकाळी चंद्राची वाट बघायला येऊन बसली होती. आम्हा दोघांनाच काही पत्ता नव्हता, कारण आम्ही तिथ्या बघणाऱ्यातले नव्हतो.

“पण तारीख बाबांनी काढलीय,” मृणाल म्हणाली. “बाबा कसे चुकतील?”

मी खाली धावलो. चादरी लावलेल्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता आणि कॅलेंडरचं पान उघडं होतं. काकांनी ते इतकं मोठं करून ठेवलं होतं की आख्ख्या पडद्यावर एकाच दिवसाचा चौकोन मावत होता. त्या काळ्या चौकोनात मधोमध एक गोल होता, भरगच्च, पांढराशुभ्र. बघितल्या बघितल्या कुणीही पौर्णिमा म्हणावी असा.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या कॅलेंडरांत पौर्णिमेला नुसती कड असलेला रिकामा गोल असतो आणि अमावास्येला भरलेला काळा. पांढऱ्या कागदावर ते बरोबर दिसतं. पण या पानावर ते गोल म्हणजे चित्रं नव्हती, अक्षरांसारखीच चिन्हं होती, आणि मी अक्षरं पांढरी केली होती. त्यामुळे अमावास्येचा काळा गोळा पांढरा होऊन चंद्रासारखा उगवला होता, आणि पौर्णिमेचा गोल आतून काळा पडला होता. मला हसू फुटलं. वर जाऊन सगळ्यांना हे सांगावं, काका म्हणतील नापास, पेढे खाऊन पंधरा दिवसांनी परत येऊ, असा विचार करत मी वळलो.

वळता वळता माझं लक्ष गोलाच्या खाली गेलं. तिथं लिहिलेलं होतं, अमावास्या. पान एवढं मोठं केल्यावर ती अक्षरं माझ्या तळहाताएवढी झाली होती. जरा करड्या रंगाची होती, पण मला ती दारातूनही वाचता आली असती.

अर्धा ग्रॅम कमी भरलेलं वजन ज्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं त्यांनी तळहाताएवढं अक्षर वाचलं नाही. मी तिथंच खुर्चीत बसलो. खिडक्यांवरच्या चादरी, गॉगल, पडद्याला टेकलेलं नाक, तिरकी मान, आणि इथं काय लिहिलंय वाचा. मी तीन आठवडे ब्राउझर दुरुस्त करत होतो आणि ब्राउझरला फारसं काही झालेलंच नव्हतं. महिन्याचा एकेक चौकोन सरकवत काका शोधत गेले असतील आणि त्या सबंध पडद्यावर त्यांना स्वच्छ दिसलेली ही एकच गोष्ट असेल. मी डोळे पुसले आणि वर गेलो.

काका पूर्वेच्या कठड्याशी एकटेच उभे होते. समोर घरांच्या रांगेपलीकडे पाण्याची टाकी होती आणि तिच्या माथ्यावर महापालिकेचा गोल दिवा नुकताच लागला होता. माझ्या पावलांचा आवाज ओळखून ते म्हणाले, “उगवला बघा, येमुल. अंगठ्या मागवा.”

खासनीसांकडचे आमच्याकडे बघत होते, आमचे त्यांच्याकडे. काकांनी आवाज खाली आणला.

“गप्प का? चंद्रच आहे ना तो?”

हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत अंगठ्या झाल्या असत्या आणि मला जे हवं होतं ते मिळालं असतं. नाही म्हटलं तर काकांचा ठणठणीतपणा तिथंच संपत होता आणि त्याच्याबरोबर माझं लग्नही. पण त्या माणसाला खोटं वजन देणं माझ्यानं झालं नाही.

“नाही काका. आज अवस आहे. टाकीवरचा दिवा आहे तो.”

त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

“मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय,” ते म्हणाले. “कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. म्हटलं, एकदा कॉम्प्युटरचा दोष आहे का ते तरी बघून घ्यावं.” मग अजून खालच्या आवाजात म्हणाले, “पोरीला आज सांगू नका. अंगठ्या होऊ देत. एकदा झाल्या की ती मागं फिरणार नाही, मग मी सांगेन सगळं. एवढं पास करा, येमुल.”

आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी कमी वजन पास करायला सांगत होते. मला त्यांची दया आली आणि त्यांचा अभिमानही वाटला. उत्तर द्यायची गरज मात्र राहिली नव्हती. मृणाल ताट घेऊन आमच्या मागं येऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही. तिनं ताट कठड्यावर ठेवलं, काकांचा कठड्यावरचा हात आपल्या हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“मी बाबांना सोडून कुठं जाणार नाही, व्यंकटेश.”

“मग मी येतो की इकडे,” मी म्हणालो. “नाहीतरी कॉम्प्युटर इथंच आहे.”

काका काही म्हणणार होते. मला कुणाची गरज नाही, हेच म्हणणार होते, ओठांची तशी हालचालही झाली. पण मृणालनं त्यांना बोलू दिलं नाही. ती सतरंज्यांकडे वळली आणि वर्गात बोलायची त्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आत्या, चंद्र उगवलाय. सगळ्यांना इकडे बोलवा.”

शैलाआत्यांनी दिव्याकडे बघितलं आणि मग अम्माकडे. अम्मानं नानांकडे बघितलं. नाना उठले, टोपी सारखी केली आणि देवासमोर जावं तसे अनवाणीच, गंभीरपणे कठड्याशी येऊन उभे राहिले. ते आले म्हणून खासनीसांकडचे आले, आणि खासनीसांकडचे आले म्हणजे हेच शास्त्र असणार अशा खात्रीनं अम्मा आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सोलापूरच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून दोन्ही घरं ओळीनं उभी राहिली. मी मृणालच्या बोटात अंगठी घातली, तिनं माझ्या घातली, आत्यांनी फुलं टाकली.

काकांना ते सहन होईना. एवढी सगळी माणसं आपल्यामुळे खोट्याला हात जोडून उभी आहेत, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. ते मुलीच्या कानाशी वाकले.

“मृणाल, अगं दिवा आहे तो.”

“तुम्हाला दिसतोय ना, बाबा?”

“दिसतोय.”

“मग तोच.”